डॉ. रागिन यांचा थकवा

लेखकाला पात्राविषयी करुणा वाटणे म्हणजे त्याचे अपराध झाकणे नव्हे. अंतोन चेकॉव्ह यांची १८९२ मधील ‘वॉर्ड नंबर सहा’ ही कथा हेच सांगते. चेकॉव्ह स्वतः डॉक्टर होते. त्याच वर्षी पटकी रोखण्यासाठी त्यांनी २५ गावांची जबाबदारी विनावेतन सांभाळली होती.

कथेतले डॉ. रागिन हे एका लहान गावातील रुग्णालयाचे प्रमुख. सुरुवातीला ते रोज मन लावून रुग्ण तपासतात. पण आज ३०, उद्या ३५, परवा ४०. गर्दी हटत नाही आणि मृत्यूही घटत नाहीत. हळूहळू त्यांचे रुग्णालयात जाणे कमी होते. मनोरुग्णांच्या वॉर्डात पहारेकरी मारहाण करतो, हे ठाऊक असूनही ते गप्प राहतात. उलट, वेदनेवर मनाने मात करता येते, असे तिथल्याच एका रुग्णाला ऐकवतात. अखेर त्यांनाच त्या वॉर्डात कोंडले जाते. पहारेकऱ्याचे गुद्दे बसतात, तेव्हा इतरांनी वर्षानुवर्षे काय सोसले ते त्यांना उमगते.

चेकॉव्ह त्यांना माफ करत नाहीत, पण खलनायकही ठरवत नाहीत. चांगला माणूस कसा थकला आणि त्या थकव्याला त्याने तत्त्वज्ञानाचा मुलामा कसा दिला, ते शांतपणे दाखवतात.

आज या अवस्थेला ‘बर्नआउट’ म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये तिची तीन लक्षणे नोंदवली: शक्ती संपल्याची भावना, कामाविषयी तुटलेपण आणि आपल्या हातून काही होत नाही असे वाटणे. संघटना तिला आजार मानत नाही. कामाच्या ठिकाणच्या, न आवरलेल्या ताणाचा तो परिणाम आहे. रागिन यांच्यात तिन्ही लक्षणे दिसतात.

बाह्यरुग्ण विभागात डॉक्टर खेकसतो, तेव्हा रुग्णाचा अपमान होतोच. गर्दीचे कारण देऊन तो पुसता येत नाही. मात्र केवळ डॉक्टरला दोष देऊन पुढच्या रुग्णाचे भले होत नाही. डॉक्टरांची रिक्त पदे भरणे आणि सलग ड्युटीच्या तासांना मर्यादा घालणे हाही उपचाराचाच भाग आहे.

एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात २०१९ पासून वृत्ती, नीतिमत्ता आणि संवाद यांचे प्रशिक्षण आहे. त्यात ही कथा जरूर वाचून घ्यावी. विद्यार्थ्यांना त्या वॉर्डातला रुग्ण कळेल आणि रागिन होण्याची वाट कुठून सुरू होते, तेही वेळीच दिसेल.