दारावर कोण आले आहे? ऑस्ट्रेलियातील अ‍ॅबोरिजिनल कुटुंबे आणि विश्वासाची आरोग्यसेवा

समजा तुमच्या घरी आठ महिन्यांचे बाळ आहे आणि त्याचा कान वाहतो आहे. अशा वेळी दारावर एक नर्स आली, तर तुम्ही बहुधा लगेच दार उघडाल.

ऑस्ट्रेलियातल्या एखाद्या अ‍ॅबोरिजिनल घरात मात्र आई आधी खिडकीतून बाहेर पाहील. गाडी कोणाची आहे? सरकारी का? आपण बाळाची काळजी घेत नाही, असे तर कोणी लिहून नेणार नाही ना? या भीतीला इतिहास आहे, आणि एक डॉक्टर म्हणून मी तिला आजाराच्या कारणांपैकीच एक मानतो.

ही भीती आली कुठून?

साधारण १९१० ते १९७० या काळात ऑस्ट्रेलियात हजारो अ‍ॅबोरिजिनल मुलांना आईवडिलांपासून तोडून संस्थांत किंवा गोऱ्या कुटुंबांत ठेवले गेले. १९९७ च्या राष्ट्रीय चौकशी अहवालाच्या अंदाजानुसार हे प्रमाण दहा मुलांमागे एक ते तीन मुलांमागे एक इतके होते. १३ फेब्रुवारी २००८ रोजी पंतप्रधान केव्हिन रड यांनी संसदेत माफी मागितली. या काळात हिरावल्या गेलेल्या पिढ्यांतली अनेक माणसे आज आजी-आजोबा आहेत.

आणि ही गोष्ट फक्त भूतकाळातली नाही. ऑस्ट्रेलियातील एकूण मुलांमध्ये अ‍ॅबोरिजिनल आणि टोरेस स्ट्रेट आयलंडर मुले साधारण ६ टक्के आहेत. पण सरकारी देखरेखीखाली आईवडिलांपासून दूर राहणाऱ्या मुलांमध्ये त्यांचा वाटा ४० टक्क्यांहून अधिक आहे.

'सांस्कृतिक सुरक्षितता' म्हणजे काय?

ही कल्पना १९८० च्या दशकाच्या अखेरीस न्यूझीलंडमध्ये इरिहापेटी रॅम्सडेन या माओरी परिचारिकेने मांडली. तिचा गाभा सोपा आहे: सेवा सुरक्षित होती की नाही, हे सेवा देणारा नाही, तर घेणारा ठरवतो. भिंतीवर अ‍ॅबोरिजिनल चित्र लावले किंवा एक दिवसाचे प्रशिक्षण घेतले, एवढ्याने हे साधत नाही. आपल्या वागण्यातून समोरच्याला कमीपणा वाटला का, हे स्वतःला विचारावे लागते.

दवाखान्यात हे कुठे अडते, ते पाहा.

- 'हो' म्हणजे होकार नव्हे. अधिकारी माणसाने प्रश्नांची सरबत्ती केली, की पटले नाही तरी 'हो' म्हणून विषय संपवला जातो. माझ्या दवाखान्यातही मान डोलावून गोळ्या न घेणारे रुग्ण येतात. तिथे तर यात भाषेचा आणि सत्तेचा फरक मिसळतो.
- 'शेम'. अ‍ॅबोरिजिनल इंग्रजीत हा शब्द चारचौघांत वेगळे काढले गेल्याच्या संकोचासाठी वापरतात. त्यापायी तरुण मुले तपासणी टाळतात.
- 'सॉरी बिझनेस'. मृत्यूनंतरचे विधी अनेक दिवस चालू शकतात. त्या काळात चुकलेली अपॉइंटमेंट म्हणजे बेपर्वाई नव्हे.
- शांतता. उत्तरापूर्वीचा विराम हा विचाराचा वेळ असू शकतो. तो घाईने भरून काढू नये.

हे नियम सर्वांना सारखे लागू नाहीत. वसाहतीपूर्वी या खंडात २५० हून अधिक भाषा होत्या. म्हणून गृहीत धरण्यापेक्षा विचारणे बरे.

आउटरीचने नेमके काय बदलते?

दोन आजार पाहू. पहिला, वाहता कान. दुर्गम भागांतल्या अ‍ॅबोरिजिनल मुलांत तो फार लवकर सुरू होतो आणि रेंगाळतो. मुलाला नीट ऐकू येत नाही, शिक्षक त्याला 'हट्टी' म्हणतात, ते शाळेपासून तुटते. पुढे पोलिसांशी गाठ पडली, तरी मूळ कानात असल्याचे कुणाच्या लक्षात येत नाही.

दुसरा, संधिवाताच्या तापामुळे होणारा हृदयाच्या झडपांचा आजार. ऑस्ट्रेलियातल्या इतर समाजांत तो जवळपास दिसेनासा झाला आहे. अ‍ॅबोरिजिनल मुलांत आणि तरुणांत मात्र तो टिकून आहे. ताप पुन्हा येऊ नये म्हणून दर तीन ते चार आठवड्यांनी पेनिसिलिनचे दुखरे इंजेक्शन अनेक वर्षे घ्यावे लागते. चौदा वर्षांचे मूल त्यासाठी पुन्हा पुन्हा कोणाकडे जाईल? जो त्याला ओळखतो आणि डोस चुकला तर ओरडत नाही, त्याच्याकडे.

म्हणूनच १९७१ मध्ये सिडनीच्या रेडफर्न भागात सुरू झालेली अ‍ॅबोरिजिनल वैद्यकीय सेवा महत्त्वाची ठरली. तिचा कारभार समाजाच्याच हाती होता. आज अशा संस्था देशभर आहेत. गरोदर मातांसाठीच्या एका राष्ट्रीय कार्यक्रमात नर्सबरोबर समाजातलीच एक कार्यकर्ती घरी जाते, आणि बाळ दोन वर्षांचे होईपर्यंत ही सोबत चालते. आधी ओळख आणि मग वजनकाटा, हा क्रम इथे कामी येतो.

मग सध्या अडले कुठे?

२०२० च्या राष्ट्रीय करारात सरकारांनी २०३१ पर्यंतची उद्दिष्टे मान्य केली: घराबाहेर ठेवल्या जाणाऱ्या मुलांच्या प्रमाणातली तफावत ४५ टक्क्यांनी आणि अल्पवयीनांच्या कोठडीचा दर किमान ३० टक्क्यांनी कमी करायचा. पण फेब्रुवारी २०२४ मध्ये उत्पादकता आयोगाने आपल्या आढाव्यात, सरकारे निर्णयाचा अधिकार खऱ्या अर्थाने वाटून घेत नाहीत, असा ठपका ठेवला. त्याआधी, १४ ऑक्टोबर २०२३ च्या सार्वमतात संसदेला सल्ला देणाऱ्या मंडळाचा प्रस्ताव सुमारे ६० टक्के मतदारांनी नाकारला होता.

ऑक्टोबर २०२४ मध्ये नॉर्दर्न टेरिटरीने गुन्हेगारी जबाबदारीचे वय १२ वरून पुन्हा १० वर आणले. तिथल्या बालकोठडीत बहुसंख्य मुले अ‍ॅबोरिजिनल असतात. म्हणजे एक सरकारी हात कार्यकर्तीला घरोघर पाठवतो आणि दुसरा दहा वर्षांच्या मुलाला न्यायालयात उभे करतो. घरातल्या माणसांना दोन्ही हात एकाच सरकारचे दिसतात. त्या कार्यकर्तीने वर्षभर जमवलेला विश्वास अशा एका निर्णयाने डळमळतो.

बालकाच्या सुरक्षेचे काय?

हा प्रश्न रास्त आहे. मुलावर अत्याचाराचा संशय असेल, तर डॉक्टर-नर्सना कळवावेच लागते आणि ते योग्यच आहे. सांस्कृतिक सुरक्षितता म्हणजे डोळेझाक नव्हे. पण गरिबी किंवा घरातली गर्दी म्हणजे हेळसांड नव्हे, हा फरक ओळखता यायला हवा. काय कळवावे लागते, हे कुटुंबाला सुरुवातीलाच स्पष्ट सांगावे. मदत लवकर द्यावी. आणि मूल हलवणे अटळच असेल, तर आधी नातलगांचा विचार व्हावा. तिथले धोरणही हेच सांगते.

तुमच्यासाठी हे का?

आपल्यापैकी अनेकांची मुले, भाचरे ऑस्ट्रेलियात डॉक्टर, नर्स किंवा समाजकार्यकर्ते म्हणून काम करतात. २०२२ पासून सांस्कृतिक सुरक्षितता तिथल्या आरोग्य व्यावसायिकांच्या नोंदणी कायद्याचा भाग आहे. तुम्ही त्यांपैकी एक असाल, तर एवढे करा:

- पहिल्या भेटीत फॉर्म काढण्याआधी 'तुम्ही कुठल्या भागातले, कोणाकडचे?' हे विचारा आणि स्वतःचेही सांगा.
- स्थानिक अ‍ॅबोरिजिनल आरोग्य कार्यकर्त्याला सोबत घ्या आणि निर्णयात सामील करा.
- सूचना समजली का, हे 'हो'वरून ठरवू नका. 'घरी गेल्यावर हे कसे कराल?' असे विचारा.
- रुग्ण आला नाही, तर 'सहकार्य करत नाही' असा शेरा मारण्यापूर्वी कारण शोधा.

तो शेरा फाइलमध्ये वर्षानुवर्षे राहतो. पुढच्या वेळी दार वाजवणारा माणूस तोच वाचून आलेला असतो.