गोधडीतला गवई

ध्वनिमुद्रण ही एके काळी बड्या कंपनीची मिरास होती. १९०२ साली फ्रेड गेसबर्गसाहेब यंत्रे घेऊन कलकत्त्यास आले, तेव्हा गौहर जानला कर्ण्यात गाऊन तीनेक मिनिटांत गाणे आटपावे लागले. शेवटी ती स्वतःचे नाव इंग्रजीत सांगे. तबकड्या छापायच्या जर्मनीत, तिथे ओळख पटायला हवी ना! पुढेही चांगले मुद्रण हवे, तर पनवेलकराने मुंबई गाठायची आणि स्टुडिओचे भाडे तासावर मोजायचे.

आता काय, घरोघरी स्टुडिओ! २००० साली ऑडॅसिटी आले, तेही फुकट. आधी तानपुरा, मग पेटी, मग गळा, असे एकट्याने थर चढवावेत; चुकलेली तान तेवढी पुसून पुन्हा घ्यावी. गोधड्या टांगल्या की खोलीतला घुमारा कमी होतो. आमच्या शेजारचा मुलगा तर कपड्यांच्या उघड्या कपाटात तोंड घालून गातो. आगगाडीचा भोंगा मात्र गोधडीला जुमानत नाही.

परवा त्याने आजीलाच कपाटापुढे बसवले. "मेल्या, माझा कसला आवाज!" म्हणत तिने चार ओव्या म्हटल्या. हेमा राईरकर, गी पॉइटेव्हिन आणि सहकाऱ्यांनी खेडोपाडी हिंडून अशा लाखावर ओव्या टिपल्या. पण माझ्या आईच्या ओव्या फक्त माझ्या कानात आहेत, आणि कान काही मुलांच्या नावे करून देता येत नाहीत.

तेव्हा वाचकहो, फराळ आटोपला की फोन घरातल्या सर्वांत वडीलधाऱ्या माणसापुढे ठेवा. सूर कमीजास्त लागला तर लागू द्या. माणूस आहे तोवर आवाज घेऊन ठेवा.