छायाचित्रांतील पार्श्वभूमि

हल्ली लग्नमुंजींच्या छायाचित्रांत चेहरा तेवढा रेखीव व मागील सारें मृदु, धूसर, असें चित्र घेण्याची हौस घरोघरीं दिसते. या धूसरतेस 'बोके' म्हणतात. हा शब्द जपानी आहे; आपल्या घरांतील बोक्याशीं त्याचा कांहीं संबंध नाहीं! ती कशी साधते, हें वाचकांपुढें ठेवावें असें आम्हांस वाटतें.

भिंग एका वेळीं एकाच अंतरावरील वस्तु पूर्ण रेखीव उमटवितें. तिच्या मागील प्रत्येक बिंदूची वाटोळी चकती होते, आणि चकत्या एकमेकींत मिसळून धूसरपणा येतो. भिंगाचें छिद्र जितकें मोठें, तितकी चकतीही मोठी. 50 मिलिमीटरच्या भिंगावर 'एफ 2' योजिल्यास छिद्राचा व्यास 25 मिलिमीटर असतो. 'एफ 8' योजिल्यास अवघा सव्वासहा. म्हणून आंकडा लहान ठेवावा, माणसाच्या जवळ जावें, आणि त्यास मागील भिंतीपासून दूर उभें करावें. मोबाइलचें भिंग इवलेंसें असल्यानें तेथील धूसरता बहुधा गणितानें मागाहून घातलेली असते. त्यामुळें गजऱ्याच्या कळ्या व चष्म्याच्या काड्या कधीं कधीं पुसल्या जातात.

परंतु मागील सारें नेहमींच गौण असतें काय? आमचें बिडकीन पैठणच्या वाटेवरील गांव. येथें 'ऑरिक' औद्योगिक वसाहतीसाठीं सुमारें 32 चौरस किलोमीटर क्षेत्र योजिलें आहे. पूर्वीं जेथें कपाशी व तूर डोलत असे, तेथें आतां रुंद रस्ते व भूखंडांच्या हद्दी आल्या. अशा बांधावर नातवाचें चित्र घेतांना मागील विहीर, निंब व गोठा हीं सारीं धूसर केलीं, तर आपण कोठें उभे होतों हें तो मुलगा पुढें कोणास दाखवूं शकणार नाहीं.

पाणिनीच्या व्याकरणांत प्रत्ययाचा लोप झाला तरी त्याचें कार्य मागें राहतें. चांगल्या चित्रांतील धूसर पार्श्वभूमि तशीच; ती स्पष्ट दिसत नाहीं, पण चेहऱ्यास उठाव देते. मात्र ज्या शेताची मोजणी होऊन गेली, त्याचा असा लोप करूं नये. म्हणून वाचकांस आमची विनंती एवढीच कीं, एक चित्र हौसेनें 'एफ 2' वर घ्यावें व लगेच दुसरें 'एफ 11' वर. आणि त्या दुसऱ्याच्या पाठीवर शेताचें नांव व साल शाईनें लिहून ठेवावें.