देवावर भरंवसा कीं देवाशीं करार ?

पाऊस वेळेवर पडला, पेठेंत माल खपला आणि घरांत मुलेंबाळें धड असलीं, म्हणजे देवावर भरंवसा ठेवणें कोणासही जड जात नाहीं. परीक्षा होते ती हिशेब उलटल्यावर. अशा वेळीं कोणी नवस बोलून देवाशीं करार करतो. 'तूं एवढें दे, मी तेवढें वाहीन' असा तो रोखठोक सौदा असतो, आणि तो फिसकटला कीं मनुष्य देवावरच फिर्याद करावयास निघतो. दुसरा कोणी 'देवाची इच्छा' म्हणून हातपाय गाळून बसतो. या दोहोंसही आपण श्रद्धा म्हणतों, हें आम्हांस मान्य नाहीं.

आमच्या व्यापारी वाचकांस दाखला हवा असेल तर तो त्यांच्याच धंद्यांतला आहे. देहूचे तुकोबा जन्मानें दुकानदार. घरीं वाणिज्य, सावकारी आणि महाजनकी. इ. स. १६३० सालीं दक्षिणेंत व गुजराथेंत पाऊस गेला आणि शहाजहानच्या कारकिर्दींतला तो घोर दुष्काळ पडला. त्यांत तुकोबांचें दुकान बसलें, पत गेली, एक बायको अन्नावांचून मेली. हें सारें त्यांनीं स्वतःच आडपडदा न ठेवतां अभंगांत नमूद केलें आहे. झालें तें बरेंच झालें, असेंही ते पुढें म्हणाले. पण म्हणाले तें स्वतःच्या दिवाळ्याविषयीं. शेजाऱ्याच्या दारीं जाऊन त्याच्या दिवाळ्याविषयीं कोणी तेंच बोलूं लागला, तर ती भक्ति नव्हे, निर्दयता होय. (मागें राहिलेल्या जिजाबाईनें संसार कसा रेटला असेल, याचा विचार तिला कजाग ठरवून श्रोत्यांस हंसविणाऱ्या आमच्या कीर्तनकारांनीं एकदां करावा.)

मग तुकोबांनीं केलें काय? वडिलोपार्जित विठ्ठलमंदिर पडलें होतें, तें दुरुस्त केलें. आणि परंपरा सांगते कीं, लोकांकडून येणें असलेल्या रकमांचीं खतें काढून अर्धीं धाकट्या भावाच्या स्वाधीन केलीं व आपल्या वांट्याचीं इंद्रायणींत सोडून दिलीं. कायद्याच्या माणसास या गोष्टींतला एक बारकावा चटकन् दिसतो. बुडविलीं तीं येण्याचीं खतें, देण्याचीं नव्हेत. आणि तींहि केवळ आपल्या हिश्श्याचीं. आपल्याकडे याच्या उलट प्रकार फार. दिवाळें निघालें कीं 'देवाच्या मनांत नव्हतें' असें धनकोंस सांगून तीर्थयात्रेस निघावयाचें, बायकोचें स्त्रीधन मोडून ग्रहशांति करावयाची, आणि वहीचें पान मात्र उघडावयाचें नाहीं! आपला हक्क सोडण्यास भरंवसा लागतो. दुसऱ्याचा हक्क बुडविण्यास केवळ निलाजरेपणा पुरतो.

यावर कोणी विचारील कीं, मग भाविकानें आपले सगळेच हक्क नदींत सोडावे काय? मुळींच नाहीं. जो हक्क सोडल्यानें गरिबाची मान मोकळी होते तो सोडणें निराळें. ज्याच्यावर आपल्या लेंकरांचें पोट आहे तो जुलमापुढें सोडणें निराळें. १८९६ सालीं पाऊस दगा देऊन गेला, तेव्हां पुण्याच्या सार्वजनिक सभेनें आणि 'केसरी'नें दुष्काळाच्या कायद्यांतील कलमें रयतेस मराठींत समजावून दिलीं, आणि पीक बुडालें असतां साऱ्याची सूट अथवा तहकुबी मागण्यास भिऊं नका, असें गांवोगांव सांगविलें. सरकारास हें इतकें झोंबलें कीं १८९७ सालीं त्यानें सभेची मान्यताच काढून घेतली. ज्या रयतेस हा उपदेश झाला ती तुकोबांचेच अभंग म्हणणारी होती. सरकारकडे अर्ज केल्यानें विठोबा रुसेल, असें तिला कोणी सांगितलें नाहीं. आणि सांगितलें असतें तरी, तिचा विठोबा तिला अधिक ठाऊक होता.