हौशी अभ्यासकांचे दप्तर रद्दीत जाऊ नये

भारतीय राष्ट्रीय काँग्रेसच्या संस्थापकांपैकी एक म्हणून अ‍ॅलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांचे नाव शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. हेच ह्यूम आपल्या काळात हिंदुस्थानातील पक्ष्यांचे अग्रगण्य जाणकार होते, ही गोष्ट मात्र फारशी सांगितली जात नाही. मुलकी नोकरी सांभाळून त्यांनी सुमारे पंचवीस वर्षे पक्ष्यांविषयीची टिपणे जमविली होती आणि त्यांच्या आधारे एक बृहद्ग्रंथ सिद्ध करण्याचा त्यांचा संकल्प होता. १८८३-८४ च्या सुमारास प्रवासाहून सिमल्यास परतल्यावर त्यांना कळले की, घरातील एका नोकराने ती हस्तलिखिते बाजारात रद्दी म्हणून विकून टाकली आहेत. या आघातानंतर पक्षिशास्त्रावरील त्यांचे मन उडाले आणि १८८५ मध्ये त्यांनी ८०,००० हून अधिक नमुन्यांचा आपला संग्रह लंडनच्या ब्रिटिश म्युझियमला देऊन टाकला.

ते कागद विकणाऱ्या नोकराला ते कशाचे आहेत याची कल्पना नसावी. परंतु आज सुशिक्षित घरांतून आणि संस्थांच्या कार्यालयांतून जे घडते, ते याहून फारसे निराळे नाही. आयुष्यभर पक्षी, फुलपाखरे, नाणी, किल्ले किंवा आकाशातील तारे यांचा नाद बाळगणारा एखादा शिक्षक वा कारकून निवर्ततो. दिवाळीच्या साफसफाईत त्याच्या वह्या, समानधर्मी मित्रांशी झालेला पत्रव्यवहार आणि सायक्लोस्टाइल केलेली वार्तापत्रे तागडीत जातात. पुस्तके कोणीतरी ठेवून घेतो. पत्रे आणि टिपणे मात्र कोणालाच नको असतात. वस्तुतः पुस्तकाची दुसरी प्रत कोठेतरी मिळू शकते, त्या पत्रांची मिळत नाही.

वाचले ते काय?

ह्यूम यांचे सारेच काही रद्दीत गेले नाही. १८७२ मध्ये त्यांनी ‘स्ट्रे फेदर्स’ नावाचे नियतकालिक सुरू केले होते. देशभर विखुरलेले मुलकी अधिकारी, लष्करी अंमलदार आणि वैद्य आपापल्या भागात पाहिलेल्या पक्ष्यांविषयी ह्यूम यांच्याकडे लिहून पाठवीत आणि ते मजकूर या नियतकालिकात छापले जात. एखाद्याने अमुक पक्षी अमुक ठिकाणी दिसल्याचे कळवावे, दुसऱ्याने त्यावर शंका घ्यावी, तिसऱ्याने आपला अनुभव सांगावा, अशी ही छांदिष्टांची लेखी बैठकच होती. ह्यूम यांच्या कपाटातील बाड नाहीसे झाले. अनेकांच्या हाती गेलेली ही चर्चा टिकली. आज तिचे खंड जगात कोठूनही वाचता येतात.

या टिकण्याचे मोल महाराष्ट्राला विशेषत्वाने कळावयास हवे. रानपिंगळा हे छोटे घुबड शास्त्राला प्रथम ज्ञात झाले ते ह्यूम यांनी १८७३ मध्ये केलेल्या वर्णनामुळे. तो पहिला नमुना आजच्या छत्तीसगडच्या भागातून आला होता. पुढे खानदेशात नेमणुकीवर असलेले जेम्स डेव्हिडसन या मुलकी अधिकाऱ्याला हा पक्षी शहादे-तळोदे परिसरात मिळाला. डेव्हिडसन यांनी पश्चिम खानदेशातील पक्ष्यांची एक कच्ची यादीही १८८२ मध्ये ‘स्ट्रे फेदर्स’मध्येच प्रसिद्ध केली होती. १८८४ नंतर मात्र रानपिंगळ्याचा खात्रीलायक पुरावा मिळेनासा झाला. अवघे सात नमुने आणि त्यांच्यासोबतच्या चिठ्ठ्या, एवढेच काय ते उरले. नेहमीच्या पिंगळ्याशी त्याचे साम्य एवढे की, ओझरत्या दर्शनावर विश्वास ठेवणेही कठीण. मधल्या काळातील शोध निष्फळ ठरले आणि हा पक्षी नामशेष झाला असावा असे बहुतेकांनी मानले.

खोटी नोंद आणि खरी नोंद

या कथेला एक विलक्षण वळण आहे. १८८४ नंतरचाही एक नमुना संग्रहालयात होता. रिचर्ड मायनर्ट्झहागेन या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याने तो १९१४ मध्ये गुजरातेत तापीकाठच्या मांडवी येथे मिळविल्याचे चिठ्ठीवर नमूद होते. अमेरिकन पक्षिशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन यांनी या गृहस्थांच्या संग्रहाची कसून तपासणी केली, तेव्हा तो नमुना त्यांनी मिळविलेला नसून संग्रहालयातून चोरलेला, पुन्हा शिवलेला आणि नवी चिठ्ठी लावलेला जुनाच नमुना असल्याचे निष्पन्न झाले. त्याची मूळ बांधणी डेव्हिडसन यांच्या हातची होती. मांडवीची नोंद अशा रीतीने बाद झाली. मग जेथील नोंदी निःसंशय खऱ्या होत्या, त्या ठिकाणांचा शोध रासमुसेन आणि त्यांचे सहकारी बेन किंग व डेव्हिड अ‍ॅबट यांनी सुरू केला. नोव्हेंबर १९९७ मध्ये, त्या वेळच्या धुळे आणि आजच्या नंदुरबार जिल्ह्यातील शहाद्याजवळच्या जंगलात, दिवसाउजेडी झाडावर बसलेला रानपिंगळा त्यांना दिसला. ११३ वर्षांनी लागलेला हा शोध एका हौशी अधिकाऱ्याने लिहून ठेवलेल्या गावांच्या नावांवर उभा होता. पुढे मेळघाटातही हा पक्षी आढळला आणि सातपुड्यातील सागवनांच्या रक्षणाला एक नवे कारण मिळाले.

या प्रकरणाचा बोध दुहेरी आहे. डेव्हिडसन यांच्या नोंदी टिकल्या नसत्या तर शोध कोठे घ्यावयाचा हे कळले नसते, हे उघडच आहे. परंतु मायनर्ट्झहागेन यांचा खोटा दावाही तारीख, ठिकाण आणि नावासह टिकला म्हणूनच तो पकडता आला, हेही तितकेच खरे. जुन्या कागदांतून केवळ ‘बरोबर’ तेवढे ठेवावे आणि बाकीचे काढून टाकावे, असा सल्ला पुष्कळदा शहाणपणाचा म्हणून दिला जातो. पण कालचे बरोबर उद्या चूक ठरू शकते आणि ती चूक कोठून शिरली हे शोधण्याचा मार्ग जुन्या चर्चेतूनच जातो. निष्कर्ष एकटा ठेवला तर त्यावर विश्वास ठेवण्यापलीकडे वाचकाच्या हाती काही उरत नाही. त्यामागील शंका आणि वादासह ठेवला, तर तो पारखता येतो.

सामान्यांच्या नोंदींचे सामर्थ्य

ही परंपरा केवळ साहेबांची होती असे मानण्याचे कारण नाही. १८८३ मध्ये मुंबईत बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीची स्थापना करणाऱ्या आठ जणांत डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन हे दोन भारतीय होते. या संस्थेचे नियतकालिक १८८६ पासून निघू लागले. मोठ्या शोधनिबंधांच्या पाठीमागे त्यात किरकोळ टिपणांचा एक विभाग असे. कोणी सापाच्या भक्ष्याविषयी लिही, कोणी अवेळी फुललेल्या झाडाविषयी. १९६० मध्ये जफर फतेहअली यांनी पक्षिनिरीक्षकांसाठी सुरू केलेले इंग्रजी वार्तापत्रही अशाच साध्या निरीक्षणांचे आणि प्रश्नोत्तरांचे व्यासपीठ ठरले. त्यांत लिहिणाऱ्या बहुतेकांजवळ पक्षिशास्त्राची पदवी नव्हती. नियमितपणा आणि प्रामाणिकपणा मात्र होता.

किरकोळ वाटणारी नोंद पुढे कोणत्या प्रश्नाचे उत्तर ठरेल, हे ती लिहिणाऱ्याला कधीच माहीत नसते. गिधाडांचे उदाहरण घ्यावे. १९८० च्या दशकात गावाबाहेर मेलेल्या जनावरावर उतरणारी गिधाडे इतकी परिचयाची होती की, ती मोजून ठेवण्याची आवश्यकता फारच थोड्यांना वाटली. विभू प्रकाश यांच्याजवळ भरतपूरच्या केवलादेव उद्यानातील त्या दशकातील गणना होती. म्हणूनच पुढील दशकातील आकड्यांशी तुलना करून गिधाडांची संख्या कोसळल्याचे त्यांना सप्रमाण मांडता आले. त्यांचा हा लेख १९९९ मध्ये सोसायटीच्या त्याच नियतकालिकात प्रसिद्ध झाला. गुरांना दिले जाणारे डायक्लोफिनॅक हे औषध या संहारामागे असल्याचे २००४ मध्ये सिद्ध झाले आणि २००६ मध्ये गुरांसाठीच्या त्याच्या वापरावर भारतात बंदी आली. पूर्वीचे आकडेच नसते तर ‘हल्ली गिधाडे दिसत नाहीत’ एवढ्या गप्पांवरच विषय संपला असता.

याची दुसरी बाजू अधिक बोलकी आहे. २०२० मध्ये भारतातील पक्ष्यांच्या स्थितीविषयी एक विस्तृत अहवाल प्रसिद्ध झाला. हौशी निरीक्षकांनी पाठविलेल्या एक कोटीहून अधिक नोंदींवर तो आधारलेला होता. त्यात ८६७ जातींचा विचार झाला. परंतु दीर्घ काळात संख्या वाढली की घटली, हे सांगता आले ते केवळ २६१ जातींबाबत. या २६१ पैकी निम्म्याहून अधिक जाती घटत चालल्याचे आढळले. उरलेल्या सहाशेंहून अधिक जातींचे काय झाले, हे सांगण्याइतकी भक्कम जुनी माहिती हाताशी नव्हती. पक्षी तेव्हाही होते आणि ते पाहणारी माणसेही होती. त्यांच्यापैकी कित्येकांच्या वह्या सिमल्याच्या बाजारासारख्याच कोठल्या तरी बाजारात गेल्या असतील.

आक्षेपांचा विचार

जुने दप्तर सांभाळण्यावर काही रास्त आक्षेप आहेत. जागा नाही, पैसा नाही, वाळवी आणि ओल यांच्यापुढे इलाज चालत नाही, ही अडचण खरी आहे. जुन्या चर्चांत पुनरुक्ती फार, हेही खरे. परंतु एकच प्रश्न दर पिढी पुन्हा विचारते याचे एक कारण हेही आहे की, आधीच्या पिढीने दिलेले उत्तर तिच्या हाती पोहोचत नाही. नवशिक्याला ‘हे पूर्वीच बोलून झाले आहे’ असे ऐकवावयाचे आणि ते बोलणे कोठे वाचावयास मिळेल हे मात्र सांगता येऊ नये, हा त्याच्यावर अन्याय आहे.

गुप्ततेचा आक्षेप अधिक गंभीर आहे. दुर्मीळ पक्ष्याच्या घरट्याचे ठिकाण जाहीर झाले तर चोरट्यांचे फावते. खाजगी पत्रांत घरगुती गोष्टीही असतात. तथापि जतन करणे आणि जाहीर करणे या भिन्न गोष्टी आहेत. असा मजकूर काही वर्षे बंद ठेवता येतो. बंद ठेवलेला कागद पुढे उघडता येतो. नष्ट केलेला परत मिळत नाही.

आजची अडचण कागदाचीही नाही. आता निरीक्षकांचा बहुतेक संवाद हातातील फोनवर होतो. सकाळी एखाद्या पक्ष्याचे छायाचित्र येते, तो कोण यावर तासभर उत्तम चर्चा होते आणि आठवडाभरात ती शेकडो संदेशांखाली गाडली जाते. फोन बदलला की तीही गेली. कोणता पक्षी, कोठे, केव्हा, एवढे संगणकात नोंदविले जाते. परंतु तो तोच कशावरून, कोणी हरकत घेतली आणि ती कशी दूर झाली, हे मागे राहत नाही. उद्याच्या अभ्यासकाला निर्णय मिळेल, पण निर्णयाची कारणे मिळणार नाहीत.

काय करावयास हवे?

यासाठी सरकारी योजनेची वाट पाहण्याचे कारण नाही. प्रत्येक हौशी मंडळाने आपल्या वार्तापत्रांचा एक संपूर्ण संच जवळच्या महाविद्यालयाच्या किंवा सार्वजनिक ग्रंथालयाच्या स्वाधीन करावा आणि दुसरा अन्य गावी ठेवावा. फोनवरील महत्त्वाच्या चर्चा महिन्यातून एकदा तारीखवार उतरवून काढण्याचे काम एखाद्या सभासदावर सोपवावे. प्रत्येक नोंदीवर दिवस, गाव आणि नोंद करणाऱ्याचे नाव असावे. चूक आढळली तर मूळ मजकूर न खोडता शेजारी दुरुस्ती लिहावी. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे सूची करावी. सूचीवाचून राहिलेले दप्तर असून नसल्यासारखेच. सुटीच्या दिवसांत विद्यार्थ्यांकडून हे काम करवून घेतले, तर निरीक्षण म्हणजे काय याचा तो उत्तम पाठही ठरेल.

ग्रंथालयांनीही हौशी माणसाच्या वह्यांचा गठ्ठा दारात आला की नाक मुरडण्याची सवय सोडावयास हवी. दरवर्षी चातक प्रथम कोणत्या दिवशी दिसला, हे वीस वर्षे एकाच गावात राहून टिपणाऱ्या शाळामास्तरांची वही कोणत्याही विद्यापीठाला पैसे देऊन निर्माण करता येणार नाही, कारण गेलेली वीस वर्षे विकत मिळत नाहीत.

शहाद्याच्या जंगलात रानपिंगळा ११३ वर्षे कोणाच्या नोंदीवाचून जगला. त्याला नोंदीची गरज नव्हती; ती माणसांना होती. त्याचे जंगल राखावयाचे की तोडावयाचे हा निर्णय माणसे घेणार होती आणि तो पक्षी तेथे आहे हे ठाऊक असल्यावाचून तो निर्णय शहाणपणाने होणे शक्य नव्हते. घरातील एखादे जुने बाड रद्दीवाल्याच्या तागडीत टाकण्यापूर्वी ते एकदा उघडून पाहावे, एवढी अपेक्षा त्यामुळे अवाजवी म्हणता येणार नाही.