आतली चीर आडवी की उभी?

माझी दोन सिझर झाली आहेत. दुसऱ्या वेळी मी नॉर्मलसाठी अकरा तास कळा सोसल्या आणि शेवटी ऑपरेशनच्या टेबलावरच गेले. त्यामुळे ‘बघा, मी करून दाखवलं’ अशी गोष्ट माझ्याकडे नाही. तरीही लिहितेय. कारण आपल्या सातारा-सांगलीकडं एक वाक्य कायद्यासारखं चालतं : पहिलं सिझर, म्हणजे दुसरंही सिझरच. दवाखान्यात तेच, घरी तेच, शेजारणीच्या तोंडीही तेच. हा कायदा कुणी केला, हे मात्र कुणी विचारत नाही.

माझं माहेर मिरजेचं. रिवाजाप्रमाणे पहिलं बाळंतपण माहेरी, २०१५ साली, एका खासगी दवाखान्यात झालं. ‘पाणी कमी झालंय’ असं अम्मीला बाहेर बोलावून सांगितलं गेलं. अब्बांनी सही केली. नवरा तेव्हा साताऱ्याहून येणाऱ्या रेल्वेत होता. पोट माझं होतं, मी शुद्धीवर होते, बोलता-वाचता येत होतं. मला कुणी काही विचारलं नाही. ते ऑपरेशन गरजेचं असेलही. पण घरी नेलेल्या डिस्चार्ज कार्डावर एवढंच होतं : सिझेरियन, मुलगी, वजन, टाके काढायची तारीख. कारण नाही, तपशील नाही.

चार वर्षांनी साताऱ्यात दुसऱ्यांदा दिवस गेले. पहिल्या डॉक्टरांनी तिसऱ्या महिन्यातच ऑपरेशनचा महिना सांगून टाकला. दुसऱ्या, जरा मोठ्या रुग्णालयात गेलो, तिथल्या मॅडमनी वेगळाच प्रश्न विचारला : “आतली चीर आडवी होती की उभी?” सोबत सासूबाई होत्या. त्या लगेच म्हणाल्या, “आडवीच आहे, मी बघितलीय.” मॅडम हसल्या. “ती कातडीवरची, अम्मा. मला गर्भपिशवीवरची पाहिजे. वरून आडवी दिसली तरी आत उभी असू शकते. आधीच्या ऑपरेशनचा कागद आणा, मग बोलू.”

सगळी गोष्ट या कागदाचीच आहे.

आधी हे वाक्य आलं कुठून ते बघू. १९१६ साली न्यू यॉर्कमध्ये एडविन क्रेगिन नावाच्या डॉक्टरांनी एका भाषणात ते वापरलं. तेव्हा गर्भाशयाला वरच्या जाड भागात उभी चीर देत. तो व्रण पुढच्या बाळंतपणात फाटायची भीती मोठी होती. क्रेगिन यांना इशारा द्यायचा होता तो पहिल्या सिझरबद्दल : उगाच करू नका, त्याची किंमत पुढं मोजावी लागते. त्यांनी अपवादही सांगितले होते. पुढच्या काळात खालच्या पातळ भागात आडवी चीर देण्याची पद्धत रुळली आणि हिशेबच बदलला. आपल्याकडं इशारा विसरला गेला, वाक्य तेवढं उरलं.

आजचा हिशेब असा. ब्रिटनच्या प्रसूतितज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजच्या मार्गदर्शनानुसार, आधी एकच सिझर झालेल्या आणि नॉर्मलसाठी प्रयत्न करणाऱ्या १०० पैकी ७२ ते ७५ बायका नॉर्मल बाळंत होतात. जुना व्रण फाटण्याचा धोका साधारण २०० मध्ये एकीला. तो धोका खरा आहे. फाटला तर मिनिटांत ऑपरेशन करावं लागतं, बाळ जाऊ शकतं, आईवरही बेतू शकतं. मी तो लपवणार नाही. पण दुसऱ्या पारड्यातलं वजन आपल्याला कुणी दाखवत नाही. प्रत्येक सिझरनंतर पुढच्या गरोदरपणात वार जुन्या व्रणात रुतून बसण्याचा धोका वाढतो. ३० हजारांवर स्त्रियांचा एक अमेरिकी अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. वार गर्भाशयाच्या तोंडावर आलेल्या बायकांमध्ये ती रुतण्याचं प्रमाण पहिल्या सिझरच्या वेळी ३ टक्के, दुसऱ्याच्या वेळी ११ आणि तिसऱ्याच्या वेळी ४० टक्के निघालं. रुतलेली वार सुटत नाही, रक्त थांबत नाही, अनेकदा गर्भपिशवी काढावी लागते. म्हणजे धोका दोन्ही वाटांवर आहे. कोणता पत्करायचा, हे बाईशी बोलून ठरायला हवं.

आणि हे दोघी-चौघींचं दुखणं नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार २००५-०६ मध्ये देशातल्या ८.५ टक्के बाळंतपणांत सिझर होत होतं. २०१९-२१ मध्ये २१.५ टक्के. महाराष्ट्रात २५.४ टक्के. देशभरात सरकारी दवाखान्यांत १४.३ टक्के आणि खासगीत ४७.४ टक्के. बाईचं शरीर रस्त्याच्या या बाजूला एक आणि त्या बाजूला दुसरं असत नाही. पहिल्या सिझरांचा हा ढीग म्हणजे दहा वर्षांनंतरच्या दुसऱ्या-तिसऱ्या सिझरांची रांग आहे.

डॉक्टरांवर माझा आरोप सिझर करण्याचा नाही, खरं कारण न सांगण्याचा आहे. तालुक्याच्या गावी एकट्या डॉक्टरचं प्रसूतिगृह असतं. भूलतज्ज्ञ बोलावल्यावर येतो, रक्तपेढी शहरात असते. तिथं अशी बाळंतपणं होऊ नयेत, हे मलाही मान्य आहे. मग तसं सांगा ना. माझ्या चुलत बहिणीला विट्याच्या एका डॉक्टरांनी सांगितलं : “रात्री माझ्याकडं भूलतज्ज्ञ नसतो, रक्त सांगलीहून आणावं लागतं. तुझी केस नॉर्मलसाठी चांगली आहे, पण माझ्याकडं सोय नाही. मिरजेला नाव घाल.” तिनं घातलं आणि तिथं ती नॉर्मल बाळंत झाली. त्या डॉक्टरांचं एक गिऱ्हाईक गेलं, पण आमच्या घरात त्यांच्याबद्दल आदर राहिला. ‘माझ्याकडं सोय नाही’ हे प्रामाणिक वाक्य आहे. ‘तुझ्या जिवाला धोका आहे’ हे अर्धंच. त्याच्या उरलेल्या अर्ध्यात डॉक्टरची झोप, रविवार आणि बिल असतं.

ज्या मिरजेत डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ मध्ये रुग्णालय उभं केलं, जिथं लांबलांबून लोक उपचाराला येत राहिले, तिथली मी मुलगी. सांगली, मिरज, सातारा, कऱ्हाड इथं मोठी रुग्णालयं आहेत, सरकारीसुद्धा. पण जत, आटपाडी, म्हसवड, पाटणच्या बाईला तिथं वेळेत पोचायचं तर आठव्या महिन्यातच ठरवावं लागतं. त्यासाठी आधी कुणीतरी तिला सांगावं लागतं.

आता आपल्या घराकडं वळू. मला गप्प बसवायला डॉक्टरांच्या आधी घरचे पुढं होते. “डॉक्टर बोले ना? फिर तू कायकू बहस करती?” ही आमच्या घरातली पहिली प्रतिक्रिया. दुसरी, अल्लाहची मर्जी. तिसरी, एवढी ताकद आहे का तुझ्यात. मर्जीचं नाव घेऊन आपण प्रश्न मिटवतो, पण मोबाइल घेताना चार दुकानं फिरतो. सही मात्र बापाची नाहीतर नवऱ्याची. २००८ मध्ये समीरा कोहली खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं हा मुद्दा स्पष्ट केला. तपासणीसाठी भूल दिलेल्या सज्ञान बाईची गर्भपिशवी तिच्या आईच्या संमतीनं काढली होती. न्यायालय म्हणालं, जिवाचा तातडीचा धोका नसताना आईची संमती चालत नाही, संमती तिची स्वतःची हवी. आईची चालत नसेल, तर सासूची, दिराची कशी चालेल?

वॉर्डात आपल्यासाठी आणखी एक टोमणा राखून ठेवलेला असतो. दुसऱ्या सिझरच्या वेळी सिस्टर मला म्हणाली, “आता ऑपरेशन करूनच टाका. तुमच्यात थांबत नाहीत ना.” त्याच सर्वेक्षणात मुस्लिम स्त्रियांचा सरासरी जननदर २.३६ आहे, १९९२-९३ मध्ये तो ४.४ होता. आपल्याकडं थांबणं कधीचंच सुरू झालंय. पण क्षणभर तिचं म्हणणं खरं धरू. एखाद्या बाईला पुढं आणखी मुलं होणार असं वाटत असेल, तर तिचं सिझर टाळायचा प्रयत्न जास्त व्हायला हवा, कारण प्रत्येक सिझरबरोबर धोका चढत जातो. टोमणा मारणाऱ्यांना हे गणित ठाऊक असतं. आपली काळजी मात्र नसते. नसबंदी करून घ्यायची की नाही, हा प्रश्नही टेबलावर, पोट उघडं असताना विचारायचा नसतो.

आणि मोबाइलवर व्हिडिओ बघून ‘घरीच नॉर्मल करू, सुईण बोलावू’ म्हणणाऱ्यांनाही सांगते : सिझरनंतरचं बाळंतपण घरी करणं हा जुगार आहे. बाळाचे ठोके सतत बघणारी सिस्टर, हजर असलेला भूलतज्ज्ञ, तयार रक्त आणि जवळच ऑपरेशन थिएटर नसेल तर हा प्रयत्न करू नये. आतली चीर उभी असेल, आधी व्रण फाटला असेल, वार तोंडावर असेल, तर सिझरच योग्य. सगळं समजून घेऊन एखादी म्हणाली, मला दुसरंही सिझरच हवं, तर तेही बरोबर. तिला समजून घ्यायला वेळ मिळाला पाहिजे, एवढंच.

माझ्या कागदाचं काय झालं? सातव्या महिन्यात पोट सांभाळत मी आणि नवरा रेल्वेनं मिरजेला गेलो. काउंटरवरचा माणूस म्हणाला, “फाइल अशी देत नाही. चार वर्षं झाली, असेल कुठंतरी.” नवऱ्यानं मोबाइलवर नियम उघडून दाखवला. भारतीय वैद्यक परिषदेचे २००२ चे नियम सांगतात की नोंदी तीन वर्षं जपायच्या आणि रुग्णानं मागितल्यावर ७२ तासांत द्यायच्या. तीन वर्षं उलटून गेली होती, म्हणजे आमची बाजू लंगडीच. आम्ही उठलो नाही. तिसऱ्या दिवशी माळ्यावरून एक पान निघालं. चीर खालच्या भागात, आडवी. कारण : पाणी कमी, कळा सुरू नाहीत. दोन ओळी. त्या दोन ओळी नसत्या तर माझा प्रश्न तिथंच संपला असता.

कळा आपोआप सुरू झाल्या. अकरा तासांनी बाळाचे ठोके उतरू लागले. मॅडम आल्या, खाली वाकून माझ्याशी बोलल्या : “ठोके पडतायत. मला थांबणं बरं वाटत नाही. तुला काय वाटतं?” मी म्हटलं, घ्या. सही मी केली, अक्षर वेडंवाकडं आलं. मुलगा झाला, रडला. टाके त्याच जागी पडले. पण पहिल्या टाक्यांकडं बघून मला वर्षानुवर्षं वाटायचं की माझ्याकडून काहीतरी काढून घेतलं. दुसऱ्यांकडं बघून तसं वाटत नाही. फरक एका प्रश्नाचा आहे.

मित्रमैत्रिणींनो, तुमच्यापैकी अनेकांच्या घरात या वर्षी पाळणा हलेल. सिझर झालं असेल तर दवाखाना सोडतानाच ऑपरेशनच्या नोटची प्रत मागा. तीन वर्षांनी शोधायला जाऊ नका. त्यात आतली चीर कशी होती आणि सिझर का केलं, या दोन गोष्टी आहेत का बघा. तो कागद निकाहनाम्यासोबत, आधार कार्डासोबत जपा. दुसऱ्या वेळी चौथ्या-पाचव्या महिन्यातच डॉक्टरांना विचारा : माझी केस प्रयत्नाला योग्य आहे का, तुमच्याकडं रात्री सोय आहे का, नसेल तर कुठं जाऊ? सरकारी रुग्णालयात २०११ पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात बाळंतपण आणि सिझर दोन्ही मोफत आहे, ते घरी सांगा. नवऱ्यांनो, दिरांनो, सही करायला पुढं येण्याआधी बाजूला व्हा आणि तिला पेन द्या.

आणि आपण मिळून एक मागणी करू. आधी सिझर झालेल्या किती बायका आल्या, त्यांतल्या किती नॉर्मल झाल्या, हा आकडा प्रत्येक प्रसूतिगृहानं दारात लावावा. जागतिक आरोग्य संघटना २०१५ पासून रुग्णालयांना सांगतेय की सिझरची नोंद बायकांच्या दहा गटांनुसार ठेवा. आधी सिझर झालेल्यांचा त्यात स्वतंत्र, पाचवा गट आहे. म्हणजे मोजायची रीत तयार आहे. दारात दरपत्रक लावता येतं, तर हा आकडाही लावता येईल.

तोवर निदान आपल्या अम्मीला, आपाला, भाभीला आज एवढं विचारा : तुझी आतली चीर आडवी होती की उभी? बहुतेकींना माहीत नसेल. माझी लढाई त्या माहीत नसण्याशी आहे.