तापलेली तबकडी आणि दुसरी प्रत

वैशाखवणवा पेटला की शाळा-महाविद्यालयांतून आणि कचेऱ्यांतून एक वाक्य हटकून ऐकू येऊ लागते : ‘संगणक तापला आणि हार्ड डिस्क गेली.’ तिच्याबरोबर वर्षाची निकालपत्रके जातात, वेतनाचे हिशेब जातात, एखाद्या विद्यार्थ्याने तीन वर्षे खपून लिहिलेला प्रबंधही जातो. मग थोडी हळहळ होते आणि सारा दोष उष्णतेच्या माथी मारून प्रकरण दप्तरी दाखल केले जाते. हे निदान सोयीचे आहे, कारण सूर्यनारायणावर कारणे दाखवा नोटीस बजावता येत नाही. परंतु ते कितपत खरे आहे, याचा विचार एकदा व्हावयास हवा.

हार्ड डिस्क ही मुळातच नाजूक वस्तू आहे. आयबीएम कंपनीने १९५६ साली अशी पहिली यंत्रणा आणली, तेव्हा तिच्यात २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या होत्या, वजन टनाच्या घरात होते आणि एवढ्या धुडात मावत होती ती अवघी ५० लाख अक्षरे. आज तळहाताएवढ्या पेटीत त्याच्या लक्षावधी पट मजकूर राहतो. तत्त्व मात्र तेच आहे. चुंबकीय लेप दिलेली तबकडी मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० फेरे घेते आणि तिच्यावर, हवेच्या अतिशय पातळ थरावर तरंगत, वाचन-लेखन करणारे टोक फिरते. दोहोंमधील अंतर काही नॅनोमीटर, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीचा काही हजारावा भाग. त्या वेगात टोक तबकडीला टेकले तर ओरखडा उठतो आणि तेथील मजकूर कायमचा नष्ट होतो. असे यंत्र वर्षानुवर्षे चालते हेच नवल. ते एके दिवशी थांबते यात नवल नाही.

उष्णता या यंत्राला मानवत नाही, यात शंका नाही. निर्माते सर्वसाधारणपणे ६० अंश सेल्सियसची मर्यादा घालून देतात. अकोला-चंद्रपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. अशा वेळी पंखा धुळीने माखलेला असेल, पेटी भिंतीला चिकटवलेली असेल आणि धूळ बसू नये म्हणून चालू यंत्रावरच कापड पांघरलेले असेल, तर ती मर्यादा ओलांडली जाण्यास फारसा वेळ लागत नाही. तेव्हा यंत्राला हवा मिळू देणे आणि त्याची धूळ झाडणे, एवढी काळजी घेतलीच पाहिजे.

तथापि, एवढ्याने भागत नाही. गूगलच्या संशोधकांनी २००७ साली एक लाखाहून अधिक डिस्कांची पाहणी प्रसिद्ध केली. तीत पहिल्या वर्षातील डिस्कांचे निकामी होण्याचे वार्षिक प्रमाण १.७ टक्के होते. तीन वर्षे वयाच्या डिस्कांत ते ८.६ टक्क्यांवर गेले. तापमानाचा परिणाम मात्र अपेक्षेपेक्षा पुष्कळच कमी आढळला; तो जाणवला तो मुख्यतः फार चढ्या तापमानात आणि जुन्या डिस्कांत. याहून बोलकी गोष्ट अशी की, निकामी झालेल्यांपैकी ३६ टक्क्यांहून अधिक डिस्कांच्या स्वयंतपासणीत बिघाडाची एकही खूण आधी उमटली नव्हती. पुढे २०१३ साली मायक्रोसॉफ्टच्या केंद्रांतील डिस्कांच्या अभ्यासात तापमानाचा संबंध अधिक ठळक दिसला. उष्णतेचा वाटा किती, याविषयी मतभेद असू शकतात; पण थंड जागी ठेवलेली डिस्कही मरते आणि पुष्कळदा पूर्वसूचना न देता मरते, याविषयी मतभेद नाही. फिरते भाग नसलेल्या नव्या एसएसडीही याला अपवाद नाहीत.

तेव्हा खरा प्रश्न डिस्क का गेली हा नसून मजकूर तिच्याबरोबर का गेला, हा आहे. हमीपत्रानुसार कंपनी नवी डिस्क देते. जुन्या डिस्कवरील अक्षरे देत नाही. मोठ्या केंद्रात ठेवले की चिंता मिटली, ही समजूतही भाबडी आहे. २६ सप्टेंबर २०२५ रोजी दक्षिण कोरियातील देजॉन येथील सरकारी माहिती केंद्रात लिथियम बॅटऱ्यांनी पेट घेतला. सरकारी कर्मचारी आपली कामाची कागदपत्रे जेथे ठेवीत, ती ‘जी-ड्राइव्ह’ ही व्यवस्थाच जळाली आणि ८५८ टेराबाइट मजकूर नष्ट झाला. साठा फार मोठा, म्हणून त्याची अन्यत्र प्रत ठेवलेली नव्हती! तंत्रज्ञानात जगाच्या पुढे असलेल्या देशाची ही कथा. मग आपल्या तालुक्याच्या कचेरीची काय कथा?

वस्तुतः ही शिकवण आपल्याला नवी नाही. वाळवी, ओल आणि आग यांना तोंड देत आपल्या पोथ्या टिकल्या, त्या भूर्जपत्र वा कागद अमर होता म्हणून नव्हे, तर मठामठांतून त्यांच्या नकला होत राहिल्या म्हणून. तुकोबांची गाथा इंद्रायणीत बुडूनही तरली, या कथेचा अर्थ अनेकांनी असाच लावला आहे की, ती लोकांच्या मुखी आणि टाळकऱ्यांच्या वह्यांत आधीच पोचली होती. पाण्यात बुडाली ती एक प्रत.

उपाय साधा आहे. महत्त्वाच्या मजकुराच्या तीन प्रती असाव्यात, त्या निदान दोन प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि त्यांपैकी एक दुसऱ्या इमारतीत, शक्यतो दुसऱ्या गावात असावी. दोन ठिकाणचा मजकूर आपोआप जुळवून घेणारी सोय म्हणजे दुसरी प्रत नव्हे. एकीकडे खोडलेले ती दुसरीकडेही खोडते. आणि काढलेली प्रत अधूनमधून उघडून पाहावी; कुलपाची किल्ली चालते की नाही, हे घराला आग लागल्यावर तपासून उपयोग नाही.

हे काम एखाद्या कनिष्ठ लिपिकाच्या सद्बुद्धीवर सोपवून चालणार नाही. ज्या कचेरीत टेबल-खुर्च्यांसाठी तरतूद होते, तेथे वर्षाकाठी एका जादा डिस्कसाठीही ती व्हावी. नकल कोणी, कोणत्या दिवशी काढावयाची हे लेखी ठरावे आणि त्याची जबाबदारी मुख्याध्यापकांनी व कार्यालयप्रमुखांनी स्वतःच्या सहीने घ्यावी. यंत्र मर्त्य आहे, हा त्याचा दोष नव्हे. ते मर्त्य आहे हे माहीत असूनही एकच प्रत ठेवणे, हा मात्र आपला दोष आहे, आणि त्याचे खापर उन्हावर फोडता येणार नाही.